टाळ वाजू द्या

‘डिझाइन थिंकिंग’ हे दोन शब्द अजून तुमच्या कानावर पडले नसतील, तर एक तर तुमच्या ऑफिसात एचआर डिपार्टमेंट नाही किंवा ट्रेनिंगच्या दिवशी तुम्ही नेमके आजारी पडता. बाकी सगळ्यांना हा सीन पाठ आहे. हॉटेलचा बँक्वेट हॉल, एसी जरा जास्तच गार, टेबलावर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि समोर ब्लेझरमधला एक कमालीचा उत्साही माणूस. तो बोर्डावर पाच गोल काढतो. एम्पथाइज, डिफाइन, आयडिएट, प्रोटोटाइप, टेस्ट. चहापर्यंत आपण ग्राहकाशी समरस झालेलो असतो, जेवणापर्यंत त्याचे सगळे प्रॉब्लेम सुटलेले असतात आणि चार वाजता ग्रुप फोटो!

टर उडवायची म्हणून हे सांगत नाहीये हं. मूळ गोष्ट झकासच आहे. ‘आयडिओ’ या अमेरिकन डिझाइन कंपनीच्या टिम ब्राउन यांनी २००८मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त याच नावाचा लेख लिहिला आणि तिथून हा शब्द डिझायनरांच्या स्टुडिओतून उठून थेट मॅनेजर मंडळींच्या तोंडी जाऊन बसला. सांगणं साधंच होतं. वस्तू किंवा सेवा बनवण्याआधी ती वापरणाऱ्याच्या आयुष्यात डोकावून बघा. त्याला काय हवंय हे विचारू नका फक्त, तो काय करतो ते बघा.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डग डिट्झ. हा ‘जीई’ कंपनीचा इंडस्ट्रियल डिझायनर, एमआरआय मशिनं डिझाइन करायचा. आपलं नवं मशिन बघायला तो मोठ्या कौतुकाने एका हॉस्पिटलमध्ये गेला आणि तिथे एक छोटी मुलगी त्या मशिनकडे बघून रडताना त्याला दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की बहुतेक लहान मुलांना गुंगीचं औषध दिल्याशिवाय स्कॅन करताच येत नाही. मशिनमध्ये खोट एक नव्हती. पण मुलासाठी ती एक धडधडणारी काळीकुट्ट गुहा होती! डिट्झने मग मशिनच्या आतलं तंत्र तसंच ठेवून भोवतीची खोलीच चाच्यांचं जहाज करून टाकली. भिंती रंगवल्या, टेक्निशियनला गोष्ट सांगायला शिकवलं. गुंगीची गरज खूप कमी झाली आणि ‘उद्या परत यायचं का?’ असं एका मुलीने आईला विचारलं म्हणे.

ही गोष्ट ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येतं. मग आपण ऑफिसात परत येतो आणि काय करतो? ‘पर्सोना’ बनवतो. ‘प्रिया, वय २८, कॉफी आवडते, वीकेंडला ट्रेकिंग.’ ही प्रिया मला आजवर प्रत्येक वर्कशॉपमध्ये भेटलीये. सोलापुरात मात्र कधी दिसली नाही. खरं सांगू का, प्रिया म्हणजे आपणच असतो. ग्राहकाच्या नावाखाली आपण आपलाच फोटो भिंतीला चिकटवतो.

सोलापूरची गोष्ट यासाठीच सांगतेय.

आमचा चौघांचा एक ग्रुप आहे. दोघं आयटीवाले, एक आर्किटेक्ट आणि मी. शहरातल्या एका हॉस्पिटलने (नाव मुद्दामच लिहीत नाही) आम्हाला बोलावलं. त्यांचं दुखणं असं होतं, की शुगर आणि बीपीचे पेशंट पहिल्यांदा येतात, तपासण्या करतात, गोळ्या नेतात आणि नंतर गायबच होतात. फॉलोअपची तारीख उलटून जाते. परत येतात ते एकदम पायाला जखम झाल्यावर. मॅनेजमेंटचं निदान तयार होतं: ‘लोकांना सिरियसनेस नाही.’ उपायसुद्धा तयार होता, आदल्या दिवशी एसएमएस. तो सुरू करून कित्येक महिने झाले होते. फरक शून्य. आता त्यांना आमच्याकडून ॲप हवं होतं.

आम्ही ठरवलं, चिठ्ठ्या नंतर, आधी बाकडं. मी तीन दिवस रजा टाकली आणि ओपीडीच्या बाकड्यावर जाऊन बसले.

पहिल्याच सकाळी एसएमएसचं कोडं सुटलं. शेजारच्या काकूंना विचारलं, ‘मेसेज येतो का हो तुम्हाला?’ तर म्हणाल्या, ‘फोन कुटं माझ्याकडं? पोराचा नंबर दिलाय.’ आणि पोरगा कुठे? पुण्यात! हिंजवडीला! सोलापूरची अर्धीअधिक तरुण मंडळी पुण्यात नोकरीला. ‘हुतात्मा’ने शनिवारी येतात, रविवारी जातात. आईच्या फॉलोअपची आठवण दर महिन्याला न चुकता अडीचशे किलोमीटर लांब, कुठल्या तरी स्टँडअप मीटिंगमध्ये वाजत होती. हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी असा मेसेज ‘नंतर बघू’ म्हणून वर ढकललेला असणार. चिडू नका. तुमचा दोष आहे असं म्हणत नाहीये. फॉर्मवर ‘मोबाइल नंबर’ असा एक रकाना होता आणि तो भरला गेला होता. फोन कोणाच्या खिशात असतो, हे विचारायला रकानाच नव्हता!

दुसरी गोष्ट कळायला सोलापूरकर असावं लागतं. पाणी. गेल्या कित्येक वर्षांत या शहराने चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढलेत. उजनी भरलेलं असो नाही तर रिकामं, नळाचं वेळापत्रक वेगळंच. त्यामुळे ‘पाण्याचा दिवस’ ही इथली स्वतंत्र तिथी आहे. त्या दिवशी घरातल्या बाईला हलता येत नाही. टाकी, पिंप, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. ‘आज पाणी आहे’ हे सोलापुरात जवळच्या लग्नाला न येण्याचंही मान्य कारण आहे. आणि हॉस्पिटलचा कॉम्प्युटर काय करत होता? बरोब्बर तीस दिवसांनंतरची तारीख देत होता. ती पाण्याच्या दिवशी पडली, की पेशंट गैरहजर. शिक्का मात्र ‘सिरियसनेस नाही’ असा.

पाण्यावरून आठवलं. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं १९५८मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१मध्ये अहमदाबादची ‘एनआयडी’ उभी राहिली. अख्ख्या देशात त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? आपला साधा लोटा! त्या लोट्यावर त्यांनी प्रश्नांची रांगच लावली. धरणाऱ्याचा हात केवढा असेल, तो डोक्यावर नेतात की कमरेवर, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, रिकामा असताना हाताला कसा लागतो, किंमत काय. लोट्याला हे विचारता येतं, मग तीस दिवसांनंतरच्या तारखेला का नाही?

तिसरं कारण विड्या. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो घरांत बायका विड्या वळतात. वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, यात त्यांची सकाळ जाते आणि ओपीडीची वेळ नेमकी तीच. शिवाय त्यातल्या कितीतरी जणींची घरातली भाषा तेलुगू. इकडे अक्कलकोटकडून येणाऱ्यांची कन्नड. चाटी गल्लीतला कापड दुकानदार गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर ओळखतो, की याच्याशी मराठी बोलायचं, कन्नड, तेलुगू की उर्दू. चार भाषांत त्याचा भाव होतो! त्याने कुठलं वर्कशॉप केलंय हो? आणि आपल्या हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत, त्यातही लॅमिनेट केलेल्या, ट्यूबलाइट पडली की अक्षर दिसत नाही.

इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम चाललं होतं. बघा, ऐका, टिपून घ्या. नोंदणीच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढले: ‘फोन कोणाजवळ असतो?’ आणि ‘तुमच्याकडे पाणी कधी येतं?’ (दुसरा प्रश्न वाचून मुंबईहून आलेले एक व्हिजिटिंग डॉक्टर हसले. सोलापूरचं कोणीच हसलं नाही.) एसएमएसऐवजी फोन करायचा ठरला, ज्याच्या त्याच्या भाषेत. ॲप बारगळलं. आयटीवाल्या दोघांचे चेहरे पडले, पण ते असो.

अडलं ते पुढे. आम्ही तिघं-चौघं तीन दिवस बाकड्यावर बसलो म्हणून एवढं कळलं. आम्ही उठून गेल्यावर कोण ऐकणार? उत्तर ठरलेलं, तक्रारपेटी. ती होतीच भिंतीवर, औषधांच्या कॅलेंडरखाली. उघडली. दोन कागद निघाले. एका कागदावर पंखा आवाज करतो अशी तक्रार आणि दुसऱ्यावर कोणीतरी केलेला किराणा मालाचा हिशेब.

काउंटरवरच्या मावशी हे सगळं बघत होत्या. पंधराएक वर्षं त्या हॉस्पिटलात आहेत आणि दर आषाढीला रजा काढून नातेपुत्यापासून पंढरपूरपर्यंत चालतात. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमी लोकांना लिव्हायला सांगता. ज्या डॉक्टरच्या हातात आपला जीव, त्याच्याबद्दल कोण लिव्हणार? आमच्या वारीत लिव्हावं लागत न्हाई. टाळ वाजवत ऱ्हायचं. चोपदार सोता येतो.’

मला आधी नीट कळलंच नाही. तुमच्यापैकी अनेकांनी वारी बघितली असेल, रिंगणाचे फोटो काढले असतील. पण संध्याकाळची समाजआरती किती जणांनी बघितलीये? माउलींची पालखी मुक्कामाला पोचते. हा सोहळा आजच्या रूपात १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिला. रथापुढे २७ दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला नंबर. मुक्कामाच्या तळावर त्या पालखीभोवती जमतात. शेकडो टाळ, मृदंग, एकच कल्लोळ! आणि मग चोपदार हातातला दंड वर करतो.

क्षणात शांतता. हजारो माणसं गप्प. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार आहे ती दिंडी टाळ वाजवत राहते.

बास, एवढंच. अर्ज नको, शिक्का नको, शब्दसुद्धा नको. सगळं थांबलेलं असताना एका कोपऱ्यात टाळ किणकिणतोय, म्हणजे तिथे काहीतरी राहिलंय. चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातो, विचारतो. पाण्याचा टँकर पोचला नाही, चालण्याच्या क्रमावरून वाद झाला, तंबूला जागा मिळाली नाही, काहीही असेल. तक्रार ऐकली जाते, तिची दखल घेतली जाते, तेव्हा टाळ थांबतो. हरवलं-सापडलं काय ते पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि मगच आरती. टाळ वाजतोय तोवर देवाचीसुद्धा आरती खोळंबते!

जपानी ‘टोयोटा’ कंपनीतल्या ‘अँडन’ दोरीबद्दल मॅनेजमेंटच्या पुस्तकांत पानंच्या पानं असतात. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं वाटलं, तर तो दोरी ओढतो, सुपरवायझर त्याच्यापाशी येतो आणि वेळ पडली तर अख्खी लाइन थांबते. आम्ही हे एमबीएला पाठ केलं, परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं. माळशिरस-वेळापूरच्या शेतात दर वर्षी हेच होतं, ते मला कळलं एका काउंटरवरच्या मावशींकडून.

यातली खुबी नीट बघा. आपल्याकडच्या कस्टमर केअरमध्ये आवाज असतो कंपनीचा आणि गप्प बसायचं ग्राहकाने. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, आणि वर ते संगीत! वारीत उलटं आहे. गप्प बाकी सगळे बसतात आणि ज्याचं अडलंय त्याचाच आवाज राहतो. आणि उठून चालत जायचं, ते अधिकार असलेल्या माणसाने. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला ‘तीन नंबरच्या खिडकीवर जा’ सांगतात. त्यात त्याचा अर्धा जीव जातो आणि तिथे ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी असते.

वारीचं सगळंच आदर्श आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ऐकलं म्हणजे सुटलं असं नसतं. शिवाय दिंडीत असलेल्याच्या हाती टाळ असतो, दिंडीबाहेरच्याचं काय? पंढरपुरात याचं उत्तर बघायला मिळतं, चांगलंही आणि कडूही. चांगलं हे, की आषाढी-कार्तिकीला गर्दी वाढली की देव आपलं वेळापत्रक बदलतो. विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, पाठीशी लोड देतात आणि काही नित्योपचार सोडले तर दर्शन रात्रंदिवस चालू! पायावर डोकं ठेवायचं तर पददर्शनाची रांग, जी गोपाळपूरपर्यंत जाते. तासन्‌तास उभं राहणं होत नसेल तर मुखदर्शन. तेही नसेल तर नामदेव पायरी आणि अगदीच नाही जमलं तर लांबून कळस. चारही जण ‘दर्शन झालं’ म्हणूनच घरी जातात, कोणालाही दुय्यम माल मिळाल्यासारखं वाटत नाही. आणि कडू हे, की नामदेव पायरीसमोरच ज्यांची समाधी आहे, त्या चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दाराबाहेर ठेवलेला माणूस कुठल्याच पर्सोनात नसतो. तो कितीही टाळ वाजवो, दंड वर करणाऱ्याने आधी त्याला मोजायला हवं.

तर हॉस्पिटल. मावशींच्या सांगण्यावरून आम्ही एक प्रयोग मांडला. ओपीडी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं टीव्ही बंद, नावं पुकारणं बंद, फोन बाजूला. इनचार्ज सिस्टर हॉलच्या मध्ये उभ्या राहणार. ज्याचं मागच्या खेपेचं काही राहिलंय, कळलं नाही, चुकलंय, त्याने फक्त आपली फाइल डोक्यावर धरायची. बोलायचं नाही, उठायचं नाही. सिस्टरच त्याच्याजवळ जाणार, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या कोणाला तरी बरोबर घेऊन.

डॉक्टरांचा पहिला आक्षेप सरळ होता. दहा मिनिटं म्हणजे तीन पेशंट. तीन पेशंटांना थांबवून ठेवायचं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही अगदी पटेल असं नाही. त्यांनी महिनाभर करून बघायला होकार दिला, तोही मावशींकडे बघून.

पहिल्या दिवशी एकही फाइल वर गेली नाही. शांतता इतकी अवघड झाली, की कोणीतरी टीव्ही लावा म्हणालं. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी फाइल धरली, ती वारा घ्यायला. तिसऱ्या दिवशी पूर्व भागातल्या एका आजींनी धरली. त्यांच्या गोळ्या दिवसातून दोनदा, जेवणानंतर होत्या. आजी घेत होत्या एकदाच. शुगर उतरत नव्हती, म्हणून डॉक्टर दर खेपेला डोस वाढवत होते. मावशींनी तेलुगूत विचारलं, एकदाच का? आजी म्हणाल्या, जेवणानंतर घ्यायला सांगितलंय ना, मी जेवतेच एकदा.

दुपारी विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, तेव्हा त्या चहा पितात.

हे उत्तर कुठल्या चिठ्ठीवर आलं असतं सांगा! ‘औषध नियमित घेता का?’ या प्रश्नाला आजी दर महिन्याला ‘हो’ म्हणत होत्या आणि ते खरंच होतं. डॉक्टरांनी त्या दिवशी गोळ्या बदलल्या, वेळा बदलल्या आणि चहाबरोबर काय खायचं यावर त्यांच्याशी बराच वेळ बोलले. मागची रांग खोळंबली. कुरकुर झाली.

किती टक्के पेशंट परत यायला लागले ते मला विचारू नका. सहा महिन्यांच्या जोरावर स्लाइड बनवणाऱ्यांतली मी नाही. महिना कधीच संपला, दहा मिनिटं अजून चालू आहेत. डॉक्टर अजूनही त्या वेळात घड्याळाकडे बघतात. काही दिवस एकही फाइल वर जात नाही, तेव्हा मावशी म्हणतात, ‘आज समद्यांचं बरं चाललंय.’ आर्किटेक्ट मैत्रिणीचा यावर विश्वास नाही. ती म्हणते, ज्यांचं बरं चाललेलं नाही ते आज आलेच नसतील. यावर आमचं भांडण चालू आहे.

तुमच्या ऑफिसात हे कसं करायचं, असं दोन-तीन मित्रांनी विचारलं. मला वाटतं, आधी एकदा प्रत्यक्ष बघून या. येत्या आषाढीला पालखी सोलापूर जिल्ह्यात आली, की मुक्काम असतात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरीला. सोलापुरातून दुपारी निघालात तर वाखरी सगळ्यात सोपं, पंढरपूरला खेटूनच आहे. पण तिथे गर्दी फार, सगळ्या पालख्या एकत्र येतात. म्हणून वेळापूर बरं. गाडी गावाबाहेर लावा, तळापर्यंत चालत जा, दिंड्यांच्या मध्ये घुसू नका, कडेला उभे राहा. आणि चोपदाराचा दंड वर जायच्या आत मोबाइल तेवढा सायलेंटवर टाका. नाही तर सगळे शांत झाले, की तुमची रिंगटोन वाजेल आणि चोपदार येईल ना विचारायला, काय तक्रार आहे म्हणून!